केरी ते मोरजी: वाळूवर उभं राहून मोठी तांबोशी आणि चोणक कसा गरवायचा

हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांनी जेटीवर नाहीतर मानशीवर (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) बसून छोटी गरी टाकून झालीय, मुडदुशी, पालू वगैरे बरेच लागलेत, आणि आता गोव्याच्या उघड्या समुद्रावर, वाळूवर उभं राहून चांगला मोठा मासा, म्हणजे तांबोशी (रेड स्नॅपर) नाहीतर चोणक (बारामुंडी), लावायचाय. बहुतेक जण पहिल्यांदा रॉडचा विचार करतात आणि मग महिनाभर फक्त लांब फेकायची प्रॅक्टिस करतात. फेकता यायला हवंच, पण मोठा मासा रात्रीच्या भरतीला किनाऱ्यापासून ३०-४० मीटरवर, कधी कधी तर त्याच्याही अलीकडे फिरत असतो, आणि तुमचं बेट (हुकला लावलेलं आमिष) त्याच्या डोक्यावरून १०० मीटर पलीकडे जाऊन पडलेलं असतं. म्हणून आधी पाणी बघायला शिका, मग बेट, मग रिग (लाइनच्या टोकाची हुक-शिशाची जुळणी), रॉड सगळ्यात शेवटी.

पद्धत कुठून घेतलीय ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात रेड ड्रम नावाचा मासा असतो, तांबूस अंग, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, आपल्या ढोम्या-घोळीच्याच कुळातला. आपल्या समुद्रात तो नाही. नॉर्थ कॅरोलिनामध्ये आउटर बँक्स म्हणून वाळूची लांबच लांब बेटं आहेत, तिथे केप हॅटरासच्या आजूबाजूला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लोक रात्रभर वाळूवर उभे राहून हा मासा गरवतात, आणि जागतिक विक्रमही तिथल्याच एव्हन गावचा आहे, १९८४ सालचा, ९४ पौंड २ औंस, म्हणजे जवळपास ४२.७ किलो. आता त्यांचं सामान बघा: जड शिसं, ताजा कापलेला मासा, एकदम आखूड लीडर (हुकला बांधलेला जाड दोरा), सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर हुक), आणि बेट तळाला. फुटणाऱ्या लाटांमध्ये वासावर तळाशी खाणं शोधणाऱ्या मोठ्या माशासाठी हे सगळं जमवलेलं आहे. आपली तांबोशीही रात्री हेच करते, चोणकही नदीच्या तोंडाशी ओहोटीला बरंचसं हेच करतो, मग तीच पद्धत इकडे का नाही चालणार. चालते, फक्त थोडे बदल करावे लागतात.

पाणी बघणं. यासाठी एक अख्खी संध्याकाळ द्या, रॉड न घेता. अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाला ओहोटी पूर्ण लागते तेव्हा किनाऱ्यावर चालत जा. हरमलपासून मांद्रेपर्यंत चाललात तर दिसेल की वाळू सपाट कुठेच नाही, किनाऱ्याला समांतर एक उंचवटा असतो आणि त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये एक चर असतो, कधी गुडघाभर कधी कमरेएवढा. भरतीला हाच चर मोठ्या माशाचा रस्ता. उंचवट्यावर लाट फुटते, पांढरी होते, चरावर आली की बसते आणि किनाऱ्यावर परत फुटते. म्हणजे दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधलं जे गडद, न फुटणारं पाणी आहे ना, तिथे बेट पडलं पाहिजे. आणि त्या उंचवट्याला मध्येच कुठेतरी खिंड पडलेली असते, तिथून चरातलं पाणी परत समुद्रात ओढलं जातं, लाटा तिथे कमी फुटतात आणि वाळूने गढूळ झालेला पट्टा आत जाताना दिसतो. पोहणाऱ्याला हीच जागा जीवघेणी, आणि मासा नेमका इथेच उभा असतो कारण कुर्ल्या, कोळंबी, छोटे मासे सगळं वाहून इथूनच बाहेर जातं. खिंडीच्या कडेला फेका, बरोबर मधोमध फेकलंत तर शिसं टिकत नाही. उजेड आहे तोवर मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मागच्या एखाद्या माडाची नाहीतर शॅकची खूण धरून ठेवा, रात्री अंधारात चर दिसत नाही, खूणच कामाला येते. आणि हे सगळं दर पावसाळ्यात बदलतं, गेल्या वर्षीची जागा यंदा असेलच असं नाही, परत चालून बघावंच लागतं.

दुसरी जागा म्हणजे नदीचं तोंड. केरीला तेरेखोल, मोरजीला शापोरा, दक्षिणेत मोबोरला साळ, काणकोणात तळपण. चोणक हवा असेल तर इथेच, कारण तो खाडीत आणि समुद्रात दोन्हीकडे ये-जा करणारा मासा आहे. इथे ओहोटी सुरू झाली की पहिले दोन तास उत्तम, खाडीतला सगळा माल बाहेर येत असतो. पण तोंडावरची वाळू पोकळ असते, कड खचते, पाण्याची ओढ भयंकर, त्यामुळे पाण्यात उतरायचंच नाही. कोरड्या वाळूवर कडेपासून दोन पावलं मागे उभं राहायचं आणि तिथूनच फेकायचं, याला अपवाद नको.

भरतीचा हिशेब. तिथीला पाऊणाने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते हा जुना हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांनाच माहीत, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमाराला, फक्त तो मुंबईकडच्या वेळेला जास्त जुळतो, गोव्यात भरती त्याच्या थोडी आधी लागते. अ‍ॅपवर मुरगावची वेळ बघा आणि तीच धरा. रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. उघड्या वाळूवर मला भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास सगळ्यात भरवशाचे वाटतात, आणि त्यात ते अंधार पडल्यानंतर जुळून आले तर मग बाकीची कामं बाजूला ठेवून जायचं. भांगाच्या भरतीला (अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीला) पाणी फारसं हलत नाही, मासाही सुस्त, तेव्हा नदीच्या तोंडाला गेलेलं बरं.

सीझन म्हणाल तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर सगळ्यात चांगला, पावसाचं गढूळ पाणी निवळत असतं, लाट असते पण माजलेली नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी काचेसारखं होतं, तेव्हा फक्त रात्री, आणि शक्यतो चंद्र नसताना. एप्रिल-मेमध्ये परत थोडं चांगलं होतं. जून-जुलैला उघड्या किनाऱ्यावर जाऊच नका, मोठ्या बोटींना बंदी असते ती उगाच नाही, मासे अंडी घालतात आणि समुद्र माणूस ओढून नेतो.

आता बेट, आणि इथे कंजुषी करू नका. बाजारात बर्फात दोन दिवस पडलेला, पोट फुटलेला बांगडा फेकून उपयोग नाही, त्याचं मांस फेकतानाच हुकवरून सुटतं आणि राहिलं तरी कुर्ल्या पाच मिनिटांत साफ करतात. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाली की तिथे जा, रापणीवरच्या काकांना विचारून ताजे बांगडे किंवा शेवटे (मुलेट) घ्या, मोकळ्या हाताने पैसे द्या, घासाघीस करू नका, ओळख झाली की तेच तुम्हाला सांगतील काल जाळ्यात कुठला मासा आला आणि कुठल्या बाजूला. घरी आणून धुवू नका, रक्त राहू दे, वर्तमानपत्रात गुंडाळून बर्फावर ठेवा, पाण्यात भिजता कामा नये.

कापायचं कसं ते नीट बघा. शेवटा असेल तर हुक जिथून जाणार तिथली खवलं काढा, बांगड्याला गरज नाही. शेपटी आधी कापून टाका, नाहीतर फेकताना आणि पाण्यात तुकडा भिरभिरतो आणि लाइनला पीळ पडतो. मग डोकं कापायचं, पण कल्ल्याला लागून सरळ नाही, कल्ल्याच्या दोन बोटं मागून तिरकं, म्हणजे डोक्याबरोबर थोडं पोट आणि आतडं लोंबत राहतं, वास त्यातूनच पसरतो. हा डोक्याचा तुकडा माझ्या मते मोठ्या माशासाठी सर्वात उत्तम बेट, कारण कुर्ल्यांना आणि शिंगाळ्यांना तो पटकन संपवता येत नाही, अर्धा-पाऊण तास टिकतो. हुक खालच्या जबड्यातून घालून टाळूतून वर काढायचा आणि हुकचं टोक पूर्ण उघडं ठेवायचं. मांसात टोक लपवून ठेवायची सवय असेल तर ती इथे सोडा, सर्कल हुकचं टोक झाकलं गेलं तर तो लागतच नाही. मधला तुकडा लावायचा असेल तर पाठीच्या जाड बाजूने एकदाच टोचा आणि बेट इलास्टिकचे (बेट बांधायच्या बारीक ताणता येणाऱ्या धाग्याचे) चार-पाच वेढे मारा. तारली मऊ असते, तिला इलास्टिक लागतंच. कोळंबी छोट्या माशांची, इथे वेळ वाया. अर्धी कुर्ली मात्र तांबोशीला खूप चालते, नांग्या आणि पाय मोडून काढा आणि पायाच्या खोबणीतून हुक घाला. चोणकाला जिवंत बेट जास्त आवडतं, नदीच्या तोंडाला असाल तर वीतभर शेवटा पाठीतून हलका टोचून सोडा, फक्त तो लांब फेकता येत नाही, हळू झोक्याने टाकावा लागतो.

रिग एकच बांधा, तीच सगळीकडे चालते. लाइनवर आधी सिंकरचा स्लायडर, म्हणजे ज्याच्यातून लाइन मोकळी सरकते आणि खाली शिसं अडकवता येतं, मग एक रबराचा मणी, मग मजबूत बॅरल स्वीव्हल (पीळ न पडू देणारी फिरती कडी), आणि स्वीव्हलच्या पुढे ८०-१०० पौंडी जाड मोनोचा (एकपदरी नायलॉन दोरीचा) लीडर, फक्त १०-१५ सेंटीमीटर, बोटभर जास्त झाला तर चालेल पण हातभर नको. टोकाला ७/० किंवा ८/० सर्कल हुक. लीडर एवढा आखूड का, तर फेकताना बेट शिशाला चिकटून जातं, हवेत गरगरत नाही आणि पंधरा-वीस मीटर फुकट जास्त मिळतात. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, मासा बेट घेऊन वळला की लगेच त्याला ताण जाणवतो, हुक ओठाच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. पाम्लिको साउंडमध्ये (आउटर बँक्सच्या आतली मोठी खाडी) उन्हाळ्यातल्या रात्री नैसर्गिक बेट लावून मोठा हुक वापरायचा तर सर्कल हुक, त्याच्या टोकामागची उलटी काटी दाबलेली, आणि पक्कं बांधलेलं वजन हुकपासून ६ इंचांच्या आत, असा नॉर्थ कॅरोलिनाचा नियमच आहे, कारण लांब लीडरने मोठे रेड ड्रम हुक गिळायचे आणि सोडून दिले तरी मरायचे. आपल्याकडे असा नियम नाही, पण तांबोशीचा घसा काही वेगळा नाही, तेव्हा आपणहून पाळा.

शिसं १२० ते १५० ग्रॅम, पिरॅमिड आकाराचं, वाळूत रुतून बसतं. गोल शिसं लाटेबरोबर घरंगळत किनाऱ्याला येतं. ओढ जास्त असेल तर तारा असलेलं ग्रिप सिंकर.

रॉड-रीलचं थोडक्यात: १२ ते १३ फुटी सर्फ रॉड, १०० ते २०० ग्रॅम फेकणारा, ६००० ते ८००० साइजचं स्पिनिंग रील, त्यावर ३०-४० पौंडी ब्रेड (विणलेली बारीक लाइन) निदान २५० मीटर. फार महागाचं नको, पण रीलचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन किती जोराला सुटेल ते ठरवणारा ब्रेक) गुळगुळीत चालला पाहिजे, दुकानातच ओढून बघा. ब्रेडच्या पुढे शॉक लीडर मात्र हवाच हवा, म्हणजे फेकायचा झटका सोसणारा जाड मोनो, शिशाच्या दर औंसाला १० पौंड हा साधा नियम, म्हणजे १५० ग्रॅम साधारण ५ औंस झालं तर ५० पौंड, मी ६०चा लावतो. लांबी एवढी की शिसं रॉडच्या अर्ध्यापर्यंत लोंबत असताना रीलवर चार-पाच वेढे उरले पाहिजेत. हा नसेल आणि फेकताना ब्रेड तुटली तर दीडशे ग्रॅमचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, कुणाच्या तरी डोक्यात बसेल. ब्रेड आणि मोनो जोडायची एफजी नॉट ही गाठ शिकून घ्या, घरी बसून शिका, वाऱ्यात वाळूवर जमत नाही. आणि बोटाला चामड्याचं बोटमोजं घाला नाहीतर बँडेज लावा, ब्रेड बोट कापते.

रॉड होल्डर विकत घ्यायची गरज नाही. दोन इंची पीव्हीसी पाइप चार फूट, एक टोक तिरकं कापा आणि दीड फूट तरी वाळूत ठोका. रॉड उभा ठेवा, जेवढा उंच तेवढी लाइन पहिल्या लाटेच्या वर राहते. ड्रॅग एवढा सैल की हाताने जोर लावून ओढलं तर लाइन सुटेल. घट्ट ड्रॅग ठेवून कोणी चहाला गेला की रॉड होल्डरसकट समुद्रात जातो.

फेकून झालं की सैल लाइन गुंडाळून घ्या, रॉडच्या टोकाला किंचित ताण दिसला पाहिजे, आणि मग थांबा. टोक थरथर थरथर हललं तर कुर्ल्या नाहीतर छोटा शिंगाळा, हात लावू नका. पाकट असेल तर टोक हळूहळू वाकतं आणि तसंच राहतं, ओढायला गेलात की तळाला चिकटून बसतो, जसं काही दगडात अडकलंय. तांबोशी एक ठोसा देते, एकच, आणि दुसऱ्या क्षणाला रॉड कमानीसारखा वाकून रील ओरडायला लागतं. इथेच सगळे चुकतात, जेटीवरच्या सवयीने जोरात झटका मारतात. सर्कल हुकला झटका मारायचा नाही. रॉड होल्डरमधून काढा, ड्रॅग हळूहळू घट्ट करा, रॉड भरू दे, हुक आपोआप कोपऱ्यात सरकतो आणि बसतो. मग लाइनच्या ताकदीच्या पाव हिश्श्याएवढा ड्रॅग ठेवून खेळवा, मासा धावतोय तोवर धावू दे. चोणक लागला तर तो उडी मारून डोकं झाडतो, तेव्हा रॉड खाली करा, लाइन सैल मात्र होऊ देऊ नका.

किनाऱ्याजवळ आला की घाई करू नका, सगळ्यात जास्त मासे शेवटच्या दहा मीटरमध्ये सुटतात. परतणाऱ्या पाण्याविरुद्ध ओढलं की माशाचं वजन अधिक पाण्याची ओढ, लाइन तुटते. लाट मागे जाताना थोडी लाइन द्या, पुढची लाट आली की तिच्याबरोबर चार पावलं मागे चालत मासा वर घ्या, लाट उतरली की तो ओल्या वाळूवर असतो. जोडीदाराने तेव्हा धरायचा. चोणकाच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, तिथे बोट घालू नका, तांबोशीचे सुळे बघूनच कळतं, पक्कड वापरा. पाकट असेल तर शेपटीच्या पट्ट्यात जाऊच नका, लाइन कापून सोडून द्या. शेपटीवरचा काटा हातापायात लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात, कातडी भाजणार नाही एवढं बघून, अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचं, वेदना उतरते, आणि मग डॉक्टरकडे जायचंच. छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर काटा उपसू नका, तसंच हॉस्पिटलला. गरम पाण्याचा एक थर्मास आमच्या सामानात कायम असतो, चहाही होतो. शिंगाळ्याच्या काट्यालाही तोच उपाय.

सोडायचा की न्यायचा यावर माझं मत स्पष्ट आहे. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे जो सगळ्यात मोठा चोणक तुम्ही धरलात ती बहुतेक अंडी देणारी मादीच आहे. रेड ड्रमच्या बाबतीत नॉर्थ कॅरोलिनात १८ ते २७ इंचांमधलाच, तोही दिवसाला एक, असा नियम आहे, त्याहून मोठा परत सोडावा लागतो, आणि लोक रात्रभर उभे राहून मोठाच पकडायला जातात आणि सोडून येतात. घरी कढीला दोन-तीन किलोचा मासा भरपूर झाला, दहा किलोच्या चोणकाचा फोटो काढा आणि सोडा. हात ओले करा, एक हात पोटाखाली, जबड्याला धरून उभा टांगू नका, घोटाभर पाण्यात तोंड लाटेकडे करून धरा, शेपूट स्वतःहून मारायला लागला की सोडा. गिटारफिशच्या (पाकटासारखा चपटा पण लांबट मासा) कुळातले काही मासे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, कुठला ते अंधारात ओळखत बसू नका, सगळेच सोडा.

कासवांबद्दल. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. कुंपण घातलेल्या भागात रॉड लावायचा नाही, डोक्यावर लाल लाइट वापरायचा, पांढरा प्रखर टॉर्च समुद्राकडे मारायचा नाही, आणि कासव वर येताना दिसलं की लाइन गुंडाळून बाजूला व्हायचं. तुटलेली लाइन वीतभर असली तरी खिशात घालून घरी न्या.

रापण लागलेली असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडा, जाळं पूर्ण वर येईपर्यंत फेकू नका, आपला हुक त्यांच्या जाळ्यात अडकला तर त्यांचा दिवस जातो. संध्याकाळी लोक पाण्यात असतात तोवरही नाही. ढगात वीज चमकायला लागली, मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये हे अचानक होतं, तर रॉड लगेच आडवा ठेवून निघा, कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. आणि एकटे जाऊ नका, दोघं तरी हवेत.

घरी आल्यावर रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, जोरात नको, मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग सैल करून ठेवा, रॉडच्या रिंगा फडक्याने पुसा, आणि एक कापसाचा तुकडा प्रत्येक रिंगेतून फिरवून बघा, धागा अडकला तर तिथे तडा गेलाय, ती रिंग बदलल्याशिवाय परत फेकू नका, ब्रेड तिथेच कापली जाणार.